जुन्या डेस्कटॉपचं विंडोज एसएसडीवर नेताना: कॉपी सोपी, बूट अवघड

प्रश्न थोडक्यात असा. नागपुरात महालातल्या एका छोट्या ऑफिसात २०१४ च्या सुमाराचा डेस्कटॉप आहे. चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबी रॅम आणि १ टीबीची हार्ड डिस्क. तिचे नेहमीसारखे सी, डी, ई, एफ असे भाग पाडलेले. विंडोज १० सीवर, टॅलीचा डेटा डीवर, आणि पत्रिका-लेटरहेडसाठी मराठी फॉन्टचं एक जुनं सॉफ्टवेअर, ज्याची सीडी आता सापडत नाही. मशीन कामाला लागायला पाच-सहा मिनिटं घेतं. ५०० जीबीची एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती ठेवणारी ड्राइव्ह) लावून, काहीही नव्याने न टाकता विंडोज तसंच्या तसं तिच्यावर नेता येईल का?

नेता येतं. फायली इकडून तिकडे जाणं हा यातला सोपा भाग. कुठलंही क्लोनिंग (डिस्कची हुबेहूब नक्कल करणारं) सॉफ्टवेअर ते बिनबोभाट करतं. लोक अडकतात ते त्यानंतर. जुनी डिस्क काढली की मशीन काळ्या स्क्रीनवर थांबतं, किंवा चालू होतं पण आतून अजून जुन्याच डिस्कवर चालत असतं. म्हणून खाली कॉपीपेक्षा बूटबद्दल, म्हणजे मशीन चालू होऊन विंडोज उघडण्याबद्दल, जास्त लिहिलं आहे.

आधी खरेदी, कारण चूक तिथूनच सुरू होते. सीताबर्डीच्या दुकानात हल्ली पहिल्यांदा एनव्हीएमई ड्राइव्ह (थेट बोर्डावर बसणारी जलद एसएसडी) दाखवतात, सेकंदाला ३५०० एमबीचा वेग सांगतात. तुमच्या बोर्डाला ती ड्राइव्ह चालणार नाही. एच८१ च्या बहुतेक बोर्डांवर तिला लागणारा एम.टू स्लॉटच नसतो. पीसीआय कार्डावर बसवून लावली तरी त्या काळच्या बायोसला (मशीन सुरू करणाऱ्या, बोर्डावरच्या प्रोग्रामला) एनव्हीएमईवरून बूट करता येत नाही. ड्राइव्ह विंडोजमध्ये दिसेल, पण विंडोज तिच्यावरून सुरू होणार नाही. तुम्हाला हवी २.५ इंची सॅटा एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कसारखीच केबलने जोडायची. तिचा वेग ५५० एमबीच्या आसपास संपतो, आणि त्याने हिरमुसायचं कारण नाही. विंडोज सुरू होताना हजारो बारीक फायली विखरून वाचल्या जातात. असं ४ केबीचं विखुरलेलं वाचन फिरती हार्ड डिस्क सेकंदाला जेमतेम अर्धा-एक एमबी करते, कारण दर वेळी हेड जागेवर नेण्यात १० मिलिसेकंद तरी जातात. साधी सॅटा एसएसडी तेच काम २० ते ४० एमबीने करते. जाणवतो तो हा फरक. सॅटाहून एनव्हीएमईवर गेल्याने ऑफिसच्या कामात त्याच्या पासंगालाही पुरेल एवढा फरक दिसत नाही.

डीरॅम (ड्राइव्हची स्वतःची छोटी रॅम) असलेली ड्राइव्ह मिळाली तर घ्या. एनव्हीएमई ड्राइव्हला डीरॅम नसली तर ती संगणकाची थोडी रॅम उसनी घेऊ शकते. सॅटाला ती सोय नाही, म्हणून डीरॅम नसलेली स्वस्त सॅटा ड्राइव्ह भरत आली की रडू लागते. जीएसटीचं पक्कं बिल घ्या, वॉरंटीला तेच कामी येतं. अनोळखी नावाची, विश्वास बसणार नाही इतकी स्वस्त १ टीबी ड्राइव्ह दिसली तर एचटूटेस्टडब्ल्यू या सॉफ्टवेअरने पूर्ण भरून वाचून पाहिल्याशिवाय तिच्यावर काही ठेवू नका. १ टीबी दाखवणारी आणि आत तुटपुंजी चिप असलेली नकली ड्राइव्ह बाजारात असते. ५०० जीबीची ड्राइव्ह विंडोजमध्ये ४६५ जीबीच दिसेल. ती फसवणूक नाही, मोजण्याच्या पद्धतीचा फरक आहे.

सोबत लागेल एक सॅटा डेटा केबल, २.५ इंचाची ड्राइव्ह ३.५ इंचाच्या जागी बसवणारी पट्टी आणि एम३ मापाचे चार स्क्रू. हार्ड डिस्कचे जाड स्क्रू एसएसडीत पिळू नका, आटे जातात. एसएमपीएसमध्ये (वीज पुरवणाऱ्या डब्यात) सॅटा पॉवरचं टोक शिल्लक नसेल तर जुन्या चार पिनांच्या टोकावरून कन्व्हर्टर घ्यावा लागतो. त्यात प्लास्टिक एकसंध ओतलेला घेऊ नका. आतल्या तारा एकमेकींना टेकून तो जळाल्याची उदाहरणं भरपूर आहेत. तारा पिनांवर दाबून बसवलेल्या दिसतात तो घ्या. एच८१ ला ६ गिगाबिटचे दोनच सॅटा पोर्ट असतात, बाकीचे दोन ३ गिगाबिटचे. बहुतेक बोर्डांवर त्यांचे रंग वेगळे असतात. बोर्डावर बारीक अक्षरात छापलेलंही असतं. एसएसडी ६ च्या पोर्टला लावा. नंतर वेग मोजताना आकडा २५०-२८० वर अडकला तर केबल चुकीच्या पोर्टात आहे, ड्राइव्ह वाईट नाही.

आता मुख्य गोष्ट. सिस्टम इन्फर्मेशन उघडा आणि ‘बायोस मोड’पुढे काय लिहिलंय ते वाचा. तुमच्या मशीनवर ‘लेगसी’ असण्याची दाट शक्यता आहे, म्हणजे डिस्क एमबीआर या जुन्या पद्धतीने विभागलेली. मग डिस्क मॅनेजमेंट उघडून बघा. सीच्या आधी ‘सिस्टम रिझर्व्हड्’ नावाचा १०० ते ५०० एमबीचा, अक्षर नसलेला एक भाग दिसेल. विंडोज सुरू करणारी फाइल सीवर नसते, इथे असते. सीच्या मागे ४५०-५०० एमबीचा रिकव्हरीचा भागही असू शकतो. एमबीआरवर प्राथमिक भाग चारच मावतात, म्हणून डी, ई, एफ हे एका एक्स्टेंडेड भागाच्या पोटात असतात.

सर्वात जास्त वेळा होणारी चूक इथेच आहे. ‘मला फक्त सी हवा’ म्हणून माणूस फक्त सी कॉपी करतो, सिस्टम रिझर्व्हड् जुन्या डिस्कवरच राहतो. दोन्ही डिस्क लावलेल्या असतात तोवर मशीन झकास चालतं. जुनी डिस्क सहा महिन्यांनी बिघडते, त्या दिवशी ‘बूटएमजीआर इज मिसिंग’ दिसतं आणि दोष एसएसडीला जातो. त्यामुळे सिस्टम रिझर्व्हड् आणि सी हे दोन्ही, आणि असल्यास रिकव्हरी, एवढं न्यायचं. डी, ई, एफ जुन्याच डिस्कवर राहू द्या. डेस्कटॉपमध्ये दोन्ही डिस्कना जागा आहे, आणि टॅलीच्या डेटासाठी फिरती डिस्क पुरेशी आहे.

काही हलवण्याआधी जुन्या डिस्कची तब्येत बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते त्या तब्येतीच्या नोंदींचे, आकडे दाखवतं. ०५ म्हणजे बदललेले सेक्टर (डिस्कवरचे बारीक कप्पे), सी५ म्हणजे वाचता न येणारे, निर्णय अडकलेले सेक्टर. सी५ शून्याहून जास्त असेल तर आधी टॅलीचा आणि बाकीचा डेटा दुसरीकडे काढा, मगच पुढचं. अशी डिस्क क्लोन करताना सॉफ्टवेअर एका सेक्टरवर अडकून तासन् तास घासत बसतं आणि डिस्क आणखी खचते. त्यासाठी लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू योग्य: ते आधी सगळं सहज वाचता येणारं उचलतं, अवघड जागा नकाशात नोंदवून शेवटी परत त्यांच्याकडे येतं. सी७ चा आकडा वाढत असेल तर डिस्क नव्हे, केबल बदला.

क्लोन करावं की विंडोज कोरं टाकावं? एरवी कोरं टाकणं मला जास्त पसंत. आठ-दहा वर्षांचा कचरा नव्या घरात कशाला न्यायचा? विंडोजचं डिजिटल लायसन्स मदरबोर्डाशी जोडलेलं असतं, डिस्क बदलल्याने ते जात नाही. ८ जीबीचा पेनड्राइव्ह आणि तासभर वेळ पुरतो. पण तुमच्याकडे ज्या सॉफ्टवेअरची सीडी हरवली आहे ते कोऱ्या विंडोजवर परत येणार नाही. डीटीपीच्या अनेक दुकानांची हीच अडचण असते. तिथे क्लोनच करा.

टॅलीचं लायसन्स संगणकाशी बांधलेलं असतं. काम सुरू करण्याआधी टॅलीतूनच ते सरेंडर करा आणि नव्या ड्राइव्हवर पुन्हा अ‍ॅक्टिव्हेट करा. नोंदणीचा ईमेल आणि पासवर्ड हाताशी आहे ना ते आधी बघा. तो ईमेल जुन्या अकाउंटंटचा निघतो आणि सगळं काम तिथे अडतं.

तयारी बाकी थोडी आहे. डी वरच्या टॅली डेटाची प्रत पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर. सीवर चेकडिस्क हे विंडोजचं साधन एफ स्विच (चुका दुरुस्त करायची खूण) देऊन चालवा. फाइल सिस्टिम बिघडलेली असेल तर क्लोन मधेच थांबतो. पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. तो चालू असला की शटडाऊन म्हणजे खरं शटडाऊन नसतं, अर्धं विंडोज झोपवून ठेवलेलं असतं. ड्राइव्हवर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) असेल तर तो थांबवा आणि ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. या वयाच्या मशीनवर तो सहसा नसतो, पण खात्री करायला एक क्लिक पुरते.

सॉफ्टवेअरबद्दल. ड्राइव्हच्या कंपनीने दिलेलं क्लोनिंग सॉफ्टवेअर बहुधा पूर्ण डिस्क न्यायला निघतं, आणि चारही भाग मिळून डेटा ४६५ जीबीच्या वर असेल तर नकार देतं. क्लोनझिला उत्तम आहे, पण त्याला नवी डिस्क जुनीइतकी किंवा मोठी लागते. लहान डिस्कसाठी आधी भाग आकसावे लागतात आणि खास पर्याय द्यावे लागतात. नवख्याने तिथून सुरुवात करू नये. तुमच्या कामाला मॅक्रियम रिफ्लेक्ट सोयीचं. त्याची मोफत आवृत्ती आता बंद झाली आहे, पण मुदतीची चाचणी आवृत्ती मिळते; तिच्यात क्लोनिंग चालतं ना ते आधी बघा.

एसएसडी आत लावून मशीन चालू करा. डिस्क मॅनेजमेंट नवी डिस्क तयार करायला विचारेल, तिथे एमबीआर निवडा, भाग पाडू नका. मॅक्रियममध्ये जुन्या डिस्कखाली ‘क्लोन धिस डिस्क’, मग डी, ई, एफ समोरच्या खुणा काढा, सिस्टम रिझर्व्हड्, सी आणि रिकव्हरी ठेवा. लक्ष्य म्हणून एसएसडी निवडताना तिचं नाव आणि आकार मोठ्याने वाचा. इथे उलटी निवड झाली तर कोरी डिस्क भरलेलीवर उतरते. आकार ठरवताना सी वाढवा, पण पूर्ण नाही: ५० जीबीच्या आसपास जागा शेवटी कोरी सोडली तर एसएसडीला आतल्या आवराआवरीला मोकळीक राहते. रिकव्हरीचा भाग सीच्या लगेच मागे येतो आणि नंतर सी वाढवायचा म्हटलं तर तोच आडवा येतो, म्हणून हे आत्ताच ठरवा.

सीवर ९० जीबी डेटा असेल तर अर्धा ते एक तास धरा. कागदावर वीस मिनिटं येतात, पण विखुरलेल्या फायलींमुळे जुनी डिस्क तेवढ्या वेगाने देत नाही. त्या वेळात मशीनवर दुसरं काम करू नका.

मग पूर्ण बंद करा, वायर भिंतीतून काढा, आणि जुन्या हार्ड डिस्कची डेटा केबल काढून बाजूला ठेवा. पहिला बूट एसएसडी एकटी असतानाच. हा नियम मोडू नका. क्लोनला कधी कधी जुन्या डिस्कचीच ओळख-सही मिळते. दोन्ही जोडलेल्या असल्या तर विंडोज एकीला ऑफलाइन टाकतं, किंवा सी हे अक्षर जुन्याच भागाला देतं. मग तुम्ही खुशीत काम करता आणि फायली जुन्या डिस्कवर जात राहतात.

एकट्या एसएसडीवर विंडोज सुरू झालं, दोनदा बंद-चालू करून पाहिलं, की मग हार्ड डिस्क परत जोडा. बायोसमध्ये बूट क्रम तपासा. त्या काळच्या बऱ्याच बोर्डांत बूट क्रमात नुसतं ‘हार्ड डिस्क’ असतं, आणि कुठली हार्ड डिस्क हे ‘हार्ड ड्राइव्ह बीबीएस प्रायॉरिटीज’ नावाच्या वेगळ्या यादीत ठरतं. तिथे एसएसडी पहिली ठेवा. विंडोजमध्ये आल्यावर डिस्क मॅनेजमेंटमध्ये दोन शब्द शोधा: ‘सिस्टम’ आणि ‘बूट’. दोन्ही शब्द एसएसडीच्या भागांवर दिसले पाहिजेत. ‘बूट’ एसएसडीवर आणि ‘सिस्टम’ हार्ड डिस्कवर असेल तर स्थलांतर अर्धंच झालं आहे.

जुनी डिस्क ऑफलाइन दिसली तर उजवी क्लिक करून ऑनलाइन करा. त्यात तिची सही बदलते आणि डी, ई, एफ ही अक्षरं इकडेतिकडे होऊ शकतात. ती हाताने जागच्या जागी आणा, टॅली उघडण्याआधीच. टॅलीला डेटाचा पत्ता डीवरचा माहीत आहे. तो तिथे नसला तर कंपनी सापडत नाही आणि डेटा गेला म्हणून ऑफिसात गोंधळ उडतो.

बूट झालं नाही तर. काळ्या स्क्रीनवर बूटएमजीआर नाही असं आलं: विंडोजच्या पेनड्राइव्हवरून रिकव्हरीतला कमांड प्रॉम्प्ट उघडा. डिस्कपार्ट या विंडोजच्या साधनात सिस्टम रिझर्व्हड् हा भाग ‘अ‍ॅक्टिव्ह’ आहे का बघा, नसेल तर करा, आणि त्याला एक अक्षर द्या. मग बूट फायली नव्याने लिहिणारी बीसीडीबूट ही कमांड चालवा. तिला विंडोजचं फोल्डर कुठे आहे, बूट फायली कुठल्या भागावर लिहायच्या आणि मोड बायोस आहे, हे तीन सांगावं लागतं. रिकव्हरीत अक्षरं बदललेली असतात, तिथला सी म्हणजे तुमचा सी असेलच असं नाही. विंडोज फोल्डर कुठे दिसतं ते आधी पाहा. मॅक्रियमच्या रेस्क्यू पेनड्राइव्हमध्ये हेच काम करणारं तयार बटन आहे.

निळ्या स्क्रीनवर ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ आलं तर कारण वेगळं. बायोसमध्ये सॅटाचा मोड आधीपेक्षा बदलला आहे, जुन्या आयडीईवरून नव्या एएचसीआयवर किंवा उलट, आणि विंडोजला नव्या मोडचा ड्रायव्हर सुरुवातीला लोड करायचं माहीत नाही. मोड परत पूर्वीचा करा, विंडोज चालू होईल. एएचसीआय हवाच असेल तर एमएसकॉन्फिग या विंडोजच्या साधनातून सेफ बूट लावा, रीस्टार्ट करताना बायोसमध्ये मोड बदला, सेफ मोडमध्ये एकदा येऊ द्या, मग सेफ बूट काढा. बायोसचा सेल संपलेला असला तर सेटिंग आपोआप मूळ पदावर जातात आणि हीच निळी स्क्रीन काही कारण नसताना उगवते. दहा वर्षं जुन्या बोर्डात सेल बदलून टाका, सीआर२०३२.

एमबीआरची जीपीटी (डिस्क विभागण्याची नवी पद्धत) करण्याच्या मागे लागू नका. विंडोजचं एमबीआरटूजीपीटी हे साधन एक्स्टेंडेड भाग असलेल्या डिस्कला हातही लावत नाही, आणि या बोर्डावर त्यातून काही मिळणारही नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि किमान आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर लागतो. विंडोज १० चा सामान्य आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची मुदत ऑक्टोबर २०२६ पर्यंत. म्हणजे या मशीनचं ऑनलाइन बँकिंगचं आयुष्य मोजकं आहे. एसएसडी वाया जात नाही, पुढच्या मशीनमध्ये लावता येते. तेवढ्यासाठी मी जुन्या मशीनलाही एसएसडी घ्या म्हणतो, नवी रॅम मात्र नको.

काम झाल्यावर ‘डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ’मध्ये सीसमोर ‘सॉलिड स्टेट ड्राइव्ह’ दिसतंय का बघा. हार्ड डिस्कच दिसत असेल तर विनसॅट या विंडोजच्या साधनाची फॉर्मल चाचणी एकदा चालवा, विंडोज नव्याने ओळखतं. ट्रिम (पुसलेल्या जागेची आवराआवर) आठवड्याला आपोआप होते. पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज वापरतं ती फाइल) हार्ड डिस्कवर हलवा, टेम्प (तात्पुरत्या फायली) हलवा, म्हणजे एसएसडी झिजणार नाही, हा सल्ला अजून फिरतो. तो ऐकू नका. ५०० जीबीच्या चांगल्या सॅटा ड्राइव्हला १८० ते ३०० टीबी लिहिण्याची हमी असते. रोज २० जीबी लिहिलं तरी १८० टीबीला २४ वर्षं लागतात. पेजफाइल हार्ड डिस्कवर नेली की ज्या मंदपणासाठी पैसे घातले तो परत आणला.

लॅपटॉप असेल तर थोडं वेगळं. डिस्कला एकच जागा, म्हणून एसएसडी यूएसबी ३.० च्या केबलने बाहेर लावून क्लोन करायचं. यूएसबी २.० ला वेग ३०-३५ एमबी असतो, २०० जीबीला पावणेदोन तास सहज जातात. नव्या एसएसडी ७ मिमी जाड, जुन्या खाचा ९.५ च्या, सोबतची फ्रेम लावा. डीव्हीडीच्या जागी कॅडी (डिस्क बसवायची चौकट) घालणार असाल तर एसएसडी मूळ जागी आणि जुनी डिस्क कॅडीत, उलट नको. अकराव्या पिढीनंतरच्या इंटेल लॅपटॉपवर कोरं विंडोज टाकताना डिस्कच दिसत नाही, तेव्हा ड्राइव्ह मेलेली नसते. व्हीएमडीचा (इंटेलच्या डिस्क हाताळण्याच्या सोयीचा) ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून द्यावा लागतो.

आणि नागपूरचं म्हणून दोन गोष्टी. मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना दुपारी क्लोन लावू नका. खोलीत ४० अंश असले की सलग वाचत असलेली हार्ड डिस्क ५५ वर जाते, आणि तिची मर्यादा साधारण ६० ची. सकाळी सहा-सातला करा, कॅबिनेटची बाजू उघडून टेबलफॅन लावा. कूलरचा झोत थेट उघड्या कॅबिनेटवर नको, तुषार आणि ओलावा जोडांवर बसतात. कूलरची मोटर विजेच्या ज्या बोर्डावर आहे त्यावरच संगणक असेल तर मोटर सुरू होताना व्होल्टेज बसतो. कामापुरता कूलर दुसऱ्या पॉइंटवर न्या. ६०० व्हीएचा यूपीएस दहा-पंधरा मिनिटं काढतो, त्याच्या भरवशावर तासाचा क्लोन पूर्ण होणार नाही. महावितरणचा देखभालीचा दिवस आधी पाहून घ्या. मधेच वीज गेलीच तर जुन्या डिस्कचं काही बिघडत नाही, क्लोन फक्त वाचत असतो. एसएसडी पुसून पहिल्यापासून सुरू करा. हिवाळ्यात उलट, हवा कोरडी असते आणि स्वेटरची वीज चिपला मारक ठरते. हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला स्पर्श करा.

जुन्या डिस्कवरचा सी लगेच उडवू नका. महिनाभर, म्हणजे जीएसटीचं एक रिटर्न भरून होईपर्यंत, तसाच ठेवा. काही राहिलं असेल तर ते त्या काळात कळतं. नंतर तो भाग आणि त्याच्या आधीचा सिस्टम रिझर्व्हड् काढून तिथे टॅलीच्या बॅकअपसाठी नवा भाग करा. टॅलीचा डेटा एसएसडीवर आणून तिथे रोज वापरला आणि बॅकअप हार्ड डिस्कवर घेतला तर आणखी बरं. उलट, एसएसडीवर बॅकअप घेऊन ती कपाटात वर्षभर टाकू नका. वीज न मिळता उष्ण जागी पडलेल्या, बरीच वापरलेल्या एसएसडीतली माहिती हळूहळू विरते. प्रमाणकानुसार लिहिण्याची मर्यादा गाठलेल्या ड्राइव्हने ३० अंशाला एक वर्ष माहिती टिकवावी एवढीच अपेक्षा असते, आणि इथली कपाटं उन्हाळ्यात ३० वर थांबत नाहीत.